जुन्या गाडीचं रिमोट लॉक रुसलंय, रिसिव्हर दुरुस्त होतो का?

राजापूरची_पडवी

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीतूनच आलेलं रिमोट सेंट्रल लॉक. गाडी गावीच असते, राजापूर तालुक्यात, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. गेल्या पावसाळ्यापासून रिमोटचा लपंडाव चाललाय. सकाळी चालतो, दुपारी गाडी उन्हात तापली की नाही चालत आणि झड लागली की विषयच संपला. चालतो तेव्हासुद्धा डाव्या बाजूच्या काचेला चिकटून दाबावं लागतं, पूर्वी पडवीत बसून दाबला तरी इंडिकेटर मिचकायचे. चावीने ड्रायव्हरचं दार उघडलं की चारही लॉक एकदम वर येतात, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, म्हणजे बाकी तक्रार काही नाही. सेल नवीन टाकून झाला.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात रिसिव्हर (गाडीतला रिमोटचा सिग्नल ऐकणारा भाग) गेलाय, तो सुटा मिळत नाही, सगळं कंट्रोल युनिट बदला आणि त्याबरोबर दोन्ही चाव्या नवीन घ्या. आकडा ऐकून मी त्यांचा चहा न पिताच निघालो. कुणी रिसिव्हर उघडून दुरुस्त केलाय का? सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, हात थरथरत नाहीत अजून.

मालवणी_झील

गाडी खंय लावतंस ता आधी सांग. माडाखाली की शेडीत? माडाखाली असात तर रिमोट ऱ्हवांदे, आधी टपाची काळजी कर.

राजापूरची_पडवी

आंब्याखाली लावतो हो. माड मागल्या दारी.

सदू_खोपोली

काका, सोपी टेस्ट सांगतो. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट उजेड दिसला तर रिमोट चांगला. आमच्या टीव्हीचा असाच चेक केलेला.

हॅमवाला_रत्नांग्री

सदूभाऊ, ती टेस्ट टीव्हीपुरती. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाश सोडतो म्हणून कॅमेऱ्याला दिसतो. गाडीचा रिमोट रेडिओ लहरी सोडतो, त्या कॅमेऱ्याला जन्मात दिसणार नाहीत, आणि उजेड दिसला नाही म्हणून लोक चांगले रिमोट फेकून देतात.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. ४३३ ते ४३४ हा पट्टा भारतात कमी ताकदीच्या साधनांना परवान्याशिवाय खुला आहे, त्यामुळे दाराची वायरलेस बेल, गेटचा रिमोट, गाडीचा रिमोट सगळे तिथेच गर्दी करतात. जपानहून किंवा अमेरिकेतून आलेल्या गाड्यांचा मात्र बऱ्याचदा ३१५ असतो.

रिमोट बोलतोय की नाही हे बघायचं तर कुणाकडे ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ ऐकणारी वॉकी असेल ती ४३३.९२० वर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी सोय) पूर्ण उघडा म्हणजे नुसती खरखर येईल, आणि रिमोट शेजारी धरून दाबा. खरखर तुटक तुटक दबली तर रिमोट बोलतोय. फक्त ऐकायचं, वॉकीचं बोलायचं बटण दाबायचं नाही. इंजिनिअरिंगचा एखादा पोरगा ओळखीत असेल तर त्याच्याकडे यूएसबीचा टीव्ही ट्यूनर डोंगल असतो, लॅपटॉपवर ती लहर टेकाडासारखी उभी राहिलेली दिसते, आणि रिमोट फ्रिक्वेन्सीवरून सरकलाय का तेही कळतं.

तारवाला_कणकवली

राजापूरकर, आधी बोर्ड उघडू नका. आमच्याकडे गिऱ्हाईक युनिट पिशवीत घालूनच येतं नि म्हणतं हे खराब आहे, आणि दोष निघतो दाराच्या वायरीत. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे म्हणून जरा लांब लिहितो.

चावीने एक दार फिरवलं नि चारही उठले, म्हणजे फ्यूज, रिले, चारही दारांतल्या मोटरी आणि दारं नि खांबामधल्या रबरी नळीतल्या वायरी हे सगळं जिवंत. (ज्यांचं एखादंच दार उठत नाही त्यांनी पहिल्यांदा ती रबरी नळी सोलून बघावी, दार उघडझाक करून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं.) म्हणजे तुमचं भांडण फक्त रेडिओच्या बाजूला आहे.

गाडी सुरू होते याचा रिमोटशी काही संबंध लावू नका. इमोबिलायझरची (चोरीपासून इंजिन अडवून ठेवणाऱ्या यंत्रणेची) चिप चावीच्या डोक्यात वेगळी असते, इग्निशनभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते, साधारण १२५ किलोहर्ट्झ, सेल नसला तरी चालते. म्हणून रिमोट मेला तरी गाडी सुरू होते आणि उलटंही होतं.

आता बटण दाबल्यावर डॅशबोर्डखाली खट् असा रिलेचा आवाज येतो का ऐका. खट् झालं आणि लॉक हललं नाही तर मोटर नाहीतर वायर. खट्सुद्धा नाही तर दोन शक्यता, एक म्हणजे सिग्नल पोचत नाही, दुसरी म्हणजे पोचतोय पण युनिट मुद्दाम ऐकत नाही. ही दुसरी लोक विसरतात. बऱ्याच गाड्या एखादं दार किंवा डिकी उघडी आहे असं वाटलं तर रिमोटवर लॉक होत नाहीत. दाराच्या खांबात तो दाबाचा छोटा स्विच असतो ना, खाऱ्या हवेत तो गंजतो, नीट दबत नाही आणि गाडीला वाटतं दार उघडंच आहे. आतला दिवा दारावर ठेवा, एकेक दार नि डिकी उघडून लावून बघा दिवा नेमका पेटतो नि विझतो का.

सेलचं म्हणाल तर नवीन सेल म्हणजे चांगला सेल असं नाही. कुठल्यातरी दुकानात काचेखाली वर्षानुवर्षं पडलेला असतो. मीटर नुसता लावला तर ३ व्होल्ट दाखवेल, बटण दाबून धरून मोजा, झपकन खाली गेला तर फेका. आणि नंबर बघा. २०३२ म्हणजे २० मिमी व्यास नि ३.२ मिमी जाडी, २०२५ ची जाडी २.५, व्होल्टेज तेच. २०३२ च्या जागी २०२५ बसतो पण पत्रा नीट टेकत नाही, मग रिमोट मनाला येईल तेव्हा चालतो.

तुमच्या लक्षणांत मला आवडलेली गोष्ट म्हणजे डाव्या काचेपाशी चालतो. रिसिव्हर डावीकडेच कुठेतरी असणार, ग्लव्ह बॉक्समागे किंवा पायाशी खांबाजवळ. उन्हात मरतो ते ड्राय सोल्डर (तडकलेला, नीट न धरणारा जोड) किंवा सुकलेला कपॅसिटर, पावसात मरतो ते ओल. दोन्ही एकत्र म्हणजे बहुतेक ओलीने सोल्डर खाल्लंय.

निशिगंधा_ठाणे

वाचतेय. माझा थोडा वेगळा प्रश्न, चालेल ना इथे? आमची गाडी सासरी गुहागरला असते, एक रिमोट तिथे, एक ठाण्यात माझ्या पर्समध्ये. मुलगा तो घेऊन दिवसभर टिकटिक करत बसतो. दर सुट्टीत गेलं की माझा रिमोट पहिल्यांदा चालतच नाही, मग कधीतरी आपोआप चालायला लागतो. सासरे म्हणतात गाडी तुला विसरली.

हॅमवाला_रत्नांग्री

निशाताई, सासरे बरोबर बोलतायत जवळजवळ. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबाला आतला आकडा एकाने पुढे सरकतो आणि गाडी शेवटचा ऐकलेला आकडा लक्षात ठेवते. जुन्या काळात फार चाललेली कीलॉक नावाची पद्धत घ्या, त्यात रिमोट १६ पर्यंत पुढे गेलेला असेल तर गाडी लगेच मान्य करते. पोराने ठाण्यात बसून त्यापेक्षा जास्त दाबलं तर एका दाबाला दाद देत नाही, लागोपाठचे दोन कोड नीट ऐकले की पुन्हा जुळवून घेते, ही मोठी खिडकी ३२ हजारांच्या आसपास आहे. म्हणून गाडीशेजारी उभं राहून शांतपणे दोनदा दाबा, मध्ये दुसरा रिमोट दाबू नका. ३२ हजार दाबायला पोराला बरीच चिकाटी लागेल.

निशिगंधा_ठाणे

तुम्ही आमचा मुलगा बघितला नाहीये.

कोळीवाडा_एक्सप्रेस

एवढा कशाला त्रास घेताय? बाजारात रिमोटवाली कीट मिळते, सायरनसकट, दोन रिमोट, कुठलाही कार ॲक्सेसरीवाला दुपारच्या आत बसवून देईल. मी बसवली, हर्णैच्या बंदरावर रोज गाडी उभी असते, मासळीच्या टोपल्या चढतात उतरतात, काही झालेलं नाही.

तारवाला_कणकवली

बसवा की, पण काय बसवताय ते बघून. स्वस्त कीटमधले बरेच रिमोट ठरलेल्या कोडचे असतात, दरवेळी तोच आकडा. चावीवाले जे कॉपी रिमोट विकतात, दोन्ही एकमेकांना टेकवून बटण दाबायचं नि झाला तयार, ते याच ठरलेल्या कोडची नक्कल करतात. तुमचा रिमोट असा कॉपी झाला तर समजा कुणाचाही करता येईल. रोलिंग कोडची अशी सरळ नक्कल होत नाही, चावीवाला पैसे घेईल आणि मग म्हणेल गाडीतच फॉल्ट आहे.

आणि कीट बसवणारा कंपनीच्या वायरी कशा कापतो ते उभं राहून बघा. कापून पीळ दिला नि वर काळी टेप, की एका पावसाळ्याने त्या जोडाचं हिरवं चूर्ण होतं. सोल्डर करायला लावा, वर हीट श्रिंक नळी, गरम केली की आवळून बसते ती. कंपनीच्या युनिटच्या लॉक-अनलॉकच्या वायरीला समांतर जोडता येते कीट, बाकी हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) हात लावायची गरज नसते बऱ्याचदा.

पावशे_दापोली

रोलिंग कोडचं एवढं कौतुक नको. ज्या कीलॉकचं वर लिहिलंय ती २००८ मध्येच जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडली होती. चिप काम करताना वीज किती खाते ते मोजून त्यांनी उत्पादकाची मुख्य किल्ली काढली आणि मग रिमोटचे एक-दोन संदेश ऐकून नक्कल करता येते असं दाखवलं.

हॅमवाला_रत्नांग्री

बरोबर आहे, पण ती मुख्य किल्ली काढायला रिसिव्हरची चिप टेबलावर घेऊन ऑसिलोस्कोप लावून बसावं लागतं. राजापुरात २००८ च्या हॅचबॅकसाठी कुणी तेवढं करणार असेल तर त्याला घरी बोलावून जेवायला घाला, आपल्या धाग्याला उपयोग होईल त्याचा.

राजापूरची_पडवी

अपडेट देतो. तारवाला साहेबांनी सांगितलं तसं सगळं केलं. आतला दिवा चारही दारांना आणि डिकीला बरोबर. सेल बटण दाबून मोजला, जागचा हलला नाही. भाऊ गणपतीला आला, त्याचा रिमोट आधी चालेना, वरचं वाचून गाडीशेजारी दोनदा दाबला आणि जुळला, पण रेंज त्याचीही तेवढीच, डाव्या काचेपाशी. म्हणजे दोन्ही रिमोट ठीक, ऐकणारा बहिरा. मेव्हण्याने एक गंमत दाखवली, रिमोट हनुवटीला लावून दाबला की थोडा लांबून चालतो. हे खरं असतं का?

हॅमवाला_रत्नांग्री

खरं असतं. अंग म्हणजे खाऱ्या पाण्याचा साठाच, रिमोटच्या इवल्याशा ॲन्टेनाला त्याची मदत होते. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की रिसिव्हर मेलेला नाही, कमी ऐकतोय. दुरुस्तीला चांगली केस आहे. उघडा आता. उघडल्यावर ॲन्टेनाची वायर शोधा, पाव लहरलांबी ४३३.९२ ला १७.३ सेमी येते, बोर्डातून निघालेली एकच सुटी वायर साधारण तेवढी दिसली की तीच. काही कंपन्या ती गुंडाळून किंवा बोर्डावरच छापून टाकतात, तेव्हा लांबी कमी दिसली म्हणून वाढवत बसू नका.

तारवाला_कणकवली

उघडायच्या आधी दोन गोष्टी. बॅटरीची मायनस काढा, पण आधी म्युझिक सिस्टीमचा कोड तुमच्याकडे कुठे लिहिलेला आहे का बघा, जुने कंपनीचे स्टिरिओ बॅटरी काढली की कोड मागतात. आणि पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट) दिसले की हात मागे, ते एअरबॅगचे असतात, तिथे मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही.

राजापूरची_पडवी

उघडला. ग्लव्ह बॉक्सच्या मागे डावीकडे काळी डबी, काडेपेटीच्या दुप्पट. फोटो टाकलेत, बघून घ्या.

कपलर डबीच्या वरच्या बाजूला, तोंड आकाशाकडे, म्हणजे हार्नेस वरून खाली येतो नि थेट त्यात शिरतो. कपलरच्या तीन पिना हिरव्यागार, एकीवर पांढरं पीठ. बोर्डावर पिनांच्या मुळाशी सोल्डरला गोल चीर, भिंगातून स्पष्ट दिसते. अर्थच्या पिनेला सगळ्यात मोठी. बोर्डाच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग, पाणी येऊन वाळल्यासारखा. एका कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलंय. ॲन्टेनाची वायर जागेवर आहे, टोकाशी काळी पडलीय.

मग मला शंका आली म्हणून पायाखालचं कारपेट उचललं तर खाली फोम ओला. वास पण येत होता म्हणा, आम्ही समजत होतो सुक्या मासळीचा.

मालवणी_झील

बोललंय मी, गाडी खंय लावतंस ता सांग!! आंब्याखाली ना? बॉनेट उघड, वायपरखालची जाळी काढ नि बघ खाली काय असा ता.

राजापूरची_पडवी

झीलराव, दंडवत. जाळीखाली आंब्याची पानं, मोहोर, लाल माती, सगळं कुजून काळा थर झाला होता, डावीकडचं पाणी जायचं भोक पार बुजलेलं. पाणी साठायचं नि जिथून हार्नेस आत जातो त्या रबरातून थेंब थेंब वायरीवरून ओघळत थेट त्या कपलरमध्ये. हार्नेसच्या टेपवर ओघळाचा माग दिसतोय वरपासून खालपर्यंत. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नवीन युनिट बसवलं असतं तर तेही पुढच्या वर्षी असंच गेलं असतं की हो.

तारवाला_कणकवली

हेच म्हणतो मी गिऱ्हाइकाला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बोर्ड कितीही छान दुरुस्त करा, पाणी ज्या वाटेने आलं ती वाट बंद नाही केली तर पैसे समुद्रात. आता क्रमाने जा.

बोर्ड धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, जेवढं शुद्ध तेवढं चांगलं, जुना मऊ ब्रश. पेट्रोल नको, थिनर नको, ते फवारायचं गंज सोडवणारं तेल तर बोर्डावर नकोच, त्याचा थर राहतो नि धूळ धरतो. तांदळाच्या डब्यात ठेवा सांगणारे येतील, तांदूळ हिरवळ काढत नाही. कपलरच्या पिना खरवडताना पॉलिश कागद नको, वरचा मुलामा जातो नि पुढच्या वेळी दुप्पट वेगाने गंजते. फायबरचा पेन मिळतो, नाहीतर कडक ब्रश नि अल्कोहोल. पिठासारखं झालं असेल ती पिन बदला, जुन्या गाडीच्या हार्नेसमधून तेच कपलर मिळेल भंगारवाल्याकडे.

चिरा नुसत्या परत गरम करू नका. जुनं सोल्डर तांब्याच्या विणलेल्या वातीने ओढून काढा, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात ती पेस्ट) लावा, नवीन भरा. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरे. कपॅसिटर बदलताना १०५ डिग्रीचा घ्या, ८५ चा नको, डॅशबोर्डमागे मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढा किंवा वरचा, मायनसची पट्टी बघून.

मग टेबलावरच १२ व्होल्ट देऊन रेग्युलेटरच्या (१२ चे ५ करणाऱ्या भागाच्या) आउटपुटला ५ व्होल्ट येतात का मोजा. अर्थच्या पिनेला चीर असली की इथे साडेचार, चार असं काहीतरी लटकलेलं दिसतं आणि रिसिव्हर अर्धवट बहिरा होतो. तुमच्या बोर्डावर धातूची छोटी कॉइल दिसतेय, तिच्यात फिरवायचा गाभा असेल तर त्याला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, ती फॅक्टरीत ट्यून केलेली असते. आता सगळीकडे ड्रायर मारून बघा, गरम असताना ५ व्होल्ट टिकले पाहिजेत.

नाखवा_दाभोळ

एक भर घालतो, आमच्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाड्या रोज चढतात, वारा असला की खारे तुषार बॉनेटवर. फेरीने जाऊन आल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुतात लोक ते बरंय, पण पाइपचा जोर वायपरखालच्या जाळीत मारू नका. पाण्यापेक्षा मीठ वाईट, सुकलं तरी हवेतली ओल ओढून घेतं आणि बोर्ड पुन्हा दमट होतो. म्हणून अल्कोहोलच्या आधी बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने, बॅटरीत घालतो ते, एकदा धुवा. मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. धुतल्यावर मात्र पूर्ण वाळू द्या.

तारवाला_कणकवली

नाखवांचा मुद्दा एकदम पटला.

चिपळूणचा_बाळ्या

अवांतर आहे पण लिहितो. जुनी गाडी घेताना रिमोट लॉक चालत नाही हे मालक हसत सांगतो ना, सेल गेलाय म्हणतो, तिथे थांबा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत घुसलं तेव्हा किती गाड्या टपापर्यंत बुडाल्या, त्यातल्या काही धुऊन पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या. ग्लव्ह बॉक्स काढा, सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटचा भाग बघा, सीटच्या रुळांच्या बोल्टला गंज बघा, कपलरमध्ये गाळ बघा. गाळ लपत नाही. कपलरच्या आत पिवळट माती दिसली तर नमस्कार करून परत या.

राजापूरची_पडवी

झालं काम. नाखवा म्हणाले तसं आधी पाणी, मग अल्कोहोल, मग एक कपॅसिटर, सगळ्या पिनांना नवीन सोल्डर, कपलरमधल्या दोन पिना कणकवलीहून आणलेल्या जुन्या हार्नेसमधून. अर्थ नीट झाल्यावर रेग्युलेटरला बरोबर ५ आले, आधी ४.३ होते. ॲन्टेनाचं टोक कापून पुन्हा सोल्डर केलं, वायर १७ च्या आसपास राहिली. आता रस्त्याच्या पलीकडून चालतो, उन्हातही चालतो.

बसवताना डबी उलटी केली, कपलर खाली तोंड करून, आणि हार्नेसला डबीच्या खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी टपकून जाईल, कपलरमध्ये चढणार नाही. जाळीखालचं भोक मोकळं केलं, रबर बदललं. फोम काढून गच्चीवर वाळवला. सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगायचा मोह आवरला.

मालवणी_झील

नि गाडी अजून आंब्याखालीच?

राजापूरची_पडवी

शेड घालायची तर घरात विचारावं लागेल.

तारवाला_कणकवली

झोळ दिलात हे सगळ्यात मोठं काम केलंत. बोर्डावर संरक्षक कोटिंग मारणार असाल तर एकच सांगतो, रेडिओचा भाग, म्हणजे कॉइल, तो धातूचा छोटा गोल डबा आणि ॲन्टेनाचा जोड, तिथे मारू नका. थराने ट्यूनिंग सरकतं आणि पुन्हा काचेला चिकटाल. पिनांच्या मुळाशी नि पॉवरच्या भागात मारा.

सदू_खोपोली

डबीच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या तर? घरी बाथरूमसाठी आणलेली ट्यूब पडून आहे.

तारवाला_कणकवली

वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती नको, सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि बंद डबीत तांबं खाते. न्यूट्रल क्युअर लिहिलेली घ्या. आणि सगळ्या फटी बुजवूच नका, खालची एक मोकळी ठेवा, आत साचलेली वाफ जायला जागा पाहिजे.

निशिगंधा_ठाणे

दोनदा दाबायची युक्ती चालली, धन्यवाद. पण आता नवीनच, गुहागरला चालतो नि आम्ही प्रवासात कुठे चहाला थांबलो की कधी कधी चालत नाही. रिमोट तोच, गाडी तीच.

हॅमवाला_रत्नांग्री

प्रवासात लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर किंवा डॅशकॅम लावता का? स्वस्त चार्जर आतल्या स्विचिंगने रेडिओची खरखर तयार करतात, इंजिन बंद केल्यावरही सॉकेटला वीज राहत असेल तर चालूच राहतात. काढून बघा. बाहेरून लावलेले एलईडी बल्बही तेच करतात. दोन्ही नसेल तर त्या ठिकाणी जवळपास कुठला तरी ४३३ चा गेट-रिमोट अडकून सतत बोलत असेल, गाडी दहा पावलं पुढे घेऊन दाबा.

निशिगंधा_ठाणे

चार्जर!! काढला की चालतोय. सासऱ्यांना सांगते, गाडी नाही विसरली.

कोळीवाडा_एक्सप्रेस

तुमचं वाचून मी पण माझ्या जुन्या दुसऱ्या गाडीसाठी सुटं रिसिव्हर मॉड्यूल ऑनलाइन मागवलं, त्यावर ३१५ लिहिलंय आणि ॲन्टेना नाही. रिमोट ४३३ चा आहे. वायर किती लांब लावू म्हणजे चालेल?

हॅमवाला_रत्नांग्री

३१५ ची वायर २३.८ सेमी येते, पण तुमच्या कामाची नाही. मॉड्यूल ज्या फ्रिक्वेन्सीवर ट्यून केलंय तेवढंच ऐकणार, वायर कितीही कापा किंवा जोडा. परत पाठवा, ४३३.९२ चं मागवा, आणि मागवताना ते नुसतं रिसिव्हर आहे की डीकोडरसकट आहे ते बघा. नुसत्या रिसिव्हरच्या डेटा पिनेवर कच्चे ठोके येतात, ते ओळखणारी चिप तुमच्या गाडीच्या बोर्डावर जिवंत असेल तरच तो उपयोगी.